नाच येत नाही म्हणणाऱ्या नागपूरकरांसाठी पहिले सहा आठवडे

लग्नाच्या वरातीत कोणीतरी हाताला धरून डीजेपुढे ओढतं. आपण दोन्ही हात वर करतो, चार उड्या मारतो आणि व्हिडिओवाला पुढे गेला की हळूच कडेला सरकतो. "आपल्याला नाचबिच नाही जमत बाप्पा" म्हणणाऱ्या बहुतेकांचा नाचाशी संबंध एवढ्यावरच संपतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे. वय पंचवीस असो की पासष्ट, पोट सुटलेलं असो की गुडघे करकरत असोत. एकही स्टेप मी यात शिकवणार नाही.

माझं म्हणणं असं की स्टेप नंतरची गोष्ट आहे. आधी आपलं अंग काय करून राहिलंय हे आतून कळायला हवं. रीलमध्ये बघून हात तसाच उचलता येतो. पण तो खांद्यातून उचलला की पाठीतून, उचलताना श्वास रोखला की सोडला, जबडा आवळला होता का, हे रील सांगत नाही. ते कळू लागलं की साधा हात वर करण्यातही स्वतःचं काहीतरी उतरतं. म्हणून इथला क्रम उलटा वाटेल: आधी झोपून जाणीव, मग वजन, मग हालचालीची जात, मग स्वतःची छोटी रचना आणि शेवटी बघणारा माणूस. सहा आठवडे अंदाजाने धरले आहेत. कुणाला दहा लागले तरी हरकत नाही. रोजची वीस मिनिटं मात्र सोडू नका. रविवारी दोन तास करून आठवडाभर विसरण्यापेक्षा ती जास्त कामाची.

आधी एक चाचणी

भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहा. एक पाय उचला आणि डोळे उघडे ठेवून दहापर्यंत मोजा. मग तेच डोळे मिटून करा, भिंत हाताशी असू द्या. बहुतेकांचा घोटा चारपर्यंत मोजायच्या आतच डगमगू लागतो.

तोल सांभाळायला शरीर तीन ठिकाणांहून बातमी घेतं: डोळे, आतल्या कानातली तोलाची इंद्रियं, आणि स्नायू-सांध्यांमधले संवेदक. स्नायू किती ताणला गेला हे सांगणारे संवेदक स्नायूच्याच आत असतात, आणि त्यावर किती ओढ पडते हे सांगणारे स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरेत. या तिसऱ्या जाणिवेला इंग्रज शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ साली प्रोप्रिओसेप्शन हे नाव दिलं. अंधारात तोंडाशी नेलेला घास नाकात जात नाही, तो हिच्यामुळे. आपण दिवसभर स्क्रीनकडे बघून जगतो, त्यामुळे डोळ्यांवर सगळा भार येतो आणि ही जाणीव मागे पडते. सरावाने ती पुन्हा पुढे येते, साठीनंतरही. चाचणीचा आजचा आकडा कुठेतरी लिहून ठेवा, सहा आठवड्यांनी परत बघा.

जागा, वेळ आणि वाकडं अंगण

नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण आपण दुसऱ्यांना ऐकवतो. पण तुम्ही गच्चीवर करणार असाल तर अंगण खरंच वाकडं असतं. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार दिलेला असतो. रोज एकाच दिशेला तोंड करून उभे राहिलात तर एका पायावर जास्त भार येतो आणि महिनाभरात कंबर तक्रार करते. पाऊस पडून गेल्यावर पाणी कुठल्या कोपऱ्याकडे जातं ते पाहून ठेवा आणि रोज तोंडाची दिशा बदला.

घरात असाल तर सहा बाय सहा फुटांची मोकळी जागा पुरते. टीपॉय सरकवा. सतरंजी घालून उभ्याचा सराव करू नका, ती पायाखालून सरकते. मोजे तर नकोच. कोरड्या फरशीवर अनवाणी पाय सगळ्यात चांगले. झोपायच्या सरावाला मात्र सतरंजी किंवा योगाची मॅट घ्या, गादी नको. गादी अंगाला सगळीकडून सामावून घेते, त्यामुळे कुठे टेकलंय आणि कुठे नाही हेच समजत नाही. उन्हाळ्यात हॉलमध्ये कूलर चालू असेल तर त्याच्या समोरची फरशी ओलसर होते. दिसत नाही, पण पाय घसरतो. त्या बाजूला जाऊ नका. कूलरच्या घरघरीचा मात्र एक फायदा आहे: शेजारच्या टीव्हीचा आवाज झाकला जातो. सिमेंट आणि टाइल्स कडक असतात, म्हणून पहिले सहा आठवडे उड्या नाहीत.

वेळेचं सांगायचं तर एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या आसपास गेला की पहाटे साडेपाच ते सात एवढीच सोयीची वेळ. संध्याकाळी गच्ची थंड झाली असेल असं वाटतं, पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत तळपाय भाजतो. आधी आणि नंतर पाणी प्या, पन्हं असेल तर उत्तमच. डोकं ठणकू लागलं, मळमळलं, चक्कर आली तर सराव तिथेच थांबवा, सावलीत या, अंग ओल्या फडक्याने पुसा. बोलणं असंबद्ध झालं किंवा गुंगी आली तर वाट बघत बसू नका, तडक दवाखाना गाठा. डिसेंबर-जानेवारीत उलट होतं. पहाटे पारा दहाच्या आसपास असतो आणि स्नायू आखडलेले. तेव्हा दुपारी चारच्या उन्हात करा, किंवा आधी दहा मिनिटं घरातल्या घरात चालून अंग गरम करा.

बागेत करायचं म्हणाल तर सकाळी सेमिनरी हिल्सकडे जा. तिथे आधीच योगवाले, हास्यक्लबवाले, हात फिरवत उलटं चालणारे काका असतात. तुम्ही हळू हळू मान फिरवत उभे राहिलात तरी कोणी वळून बघत नाही. फुटाळ्याला संध्याकाळी मात्र जाऊ नका, तिथे गर्दी बघायलाच आलेली असते. बाईमाणसाला सार्वजनिक जागी डोळे मिटून उभं राहणं अवघड जातं, हे मी गृहीत धरते. सोबत एखादी मैत्रीण न्या, एकीने डोळे मिटायचे आणि दुसरीने उघडे ठेवायचे. नाहीतर सरळ घरीच करा.

कपडे सैल आणि सुती घाला. घड्याळ, बांगड्या, खिशातला मोबाइल बाजूला काढा. आरसा असेल तर त्यावर ओढणी टाका. या सहा आठवड्यांत आरसा शत्रू आहे: तो तुम्हाला बाहेरून बघायला लावतो.

चक्कर येण्याचा त्रास, आटोक्यात नसलेलं ब्लडप्रेशर, हृदयाचा आजार, अलीकडचं ऑपरेशन, स्लिप डिस्क, गरोदरपण यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. विचारताना "मी डान्स करू का" असं विचारू नका, ते घाबरून नाहीच म्हणतील. "जमिनीवर झोपून हळू हालचाली, सावकाश चालणं आणि वळणं" असं सांगा.

पहिला आठवडा: पाठीवर पडून

पाठीवर झोपा, पाय लांब, हात बाजूला. जमीन तुमच्या अंगाला कुठे कुठे लागते ते शोधा. उजवी टाच आणि डावी टाच सारख्याच जागी टेकली आहे का? पोटरी टेकते का? कंबरेखालून हात सरकेल एवढी पोकळी आहे का, आणि ती दोन्ही बाजूंना सारखी आहे का? खांद्याची पाती? डोक्याचा कुठला भाग? दुरुस्त काहीच करायचं नाही. शवासनात विसाव्यासाठी सगळं सोडून देतो, इथे मात्र चौकशी करायची आहे. झोप लागली तर गुडघे वाकवून तळवे टेकवा.

पाचेक मिनिटांनी डोकं जमिनीवरून न उचलता उजवीकडे लोळवा, जिथपर्यंत सहज जाईल तिथपर्यंतच. परत मध्ये. दहा-बारा वेळा, एकाच बाजूला. मग थांबा आणि बघा, दोन्ही बाजूंच्या मानेत, खांद्यात, अगदी डोळ्यांतसुद्धा काही फरक जाणवतो का. मग दुसरी बाजू.

इथे सगळे नवखे एकच प्रश्न विचारतात: "एवढं हळू? ताण तर बसूनच नाही राहिला." ताण बसायला नकोच आहे. मोकळ्या पिशवीत कोणी एक संत्रं टाकलं तर हाताला लगेच कळतं; दहा किलो भरलेल्या पिशवीत टाकलं तर कळत नाही. स्नायूंचंही तसंच असतं. जोर जितका कमी, तितका बारीक फरक जाणवतो. मोशे फेल्डेनक्राईस (१९०४–१९८४) यांनी हेच सूत्र धरून पुढे एक पूर्ण पद्धत उभी केली. ते मूळचे भौतिकशास्त्रज्ञ आणि ज्युदोपटू. स्वतःच्या दुखावलेल्या गुडघ्यामुळे या वाटेला लागले. त्यांच्या पद्धतीतला एक सराव पहिल्या आठवड्याच्या शेवटी करा. गुडघे वाकवून झोपा. कंबरेच्या खालच्या हाडाखाली घड्याळाची तबकडी आहे असं समजा, बारा बेंबीकडे, सहा माकडहाडाकडे. वजन हळूच बाराकडे न्या, मग सहाकडे. जमलं की तीन आणि नऊ. मग एकेका आकड्यावरून पूर्ण फेरी. बहुतेकांचे दोन-तीन आकडे गायब असतात, म्हणजे तिथून कंबर उडी मारून पुढे जाते. त्या आकड्यांशी भांडू नका, त्यांच्या आसपास अजून हळू फिरा.

उठताना कुशीवर वळून उठा. लगेच चालू लागा आणि पावलं कशी पडतात ते बघा.

दुसरा आठवडा: वजन

सरावाआधी दाराजवळची रोजची चप्पल उलटी करून बघा. तळ कुठे झिजलाय? टाचेची बाहेरची कड की अंगठ्याखालचा भाग? डाव्या-उजव्यात फरक? तुमच्या चालण्याचा सगळा हिशेब तिथे मांडलेला असतो.

उभे राहा. तळव्याचे तीन बिंदू मनात धरा: टाच, अंगठ्याच्या मुळाशी, करंगळीच्या मुळाशी. वजन एकेका बिंदूवर नेऊन बघा, गुडघे किंचित सैल. मग डावा-उजवा झोका. किती वजन गेल्यावर दुसरा पाय आपोआप हलका होतो तो क्षण पकडा, कारण सगळं पदलालित्य तिथून निघतं. कथकचा ततकार असो की लेझीमचं पाऊल, मोकळ्या झालेल्या पायालाच काही करता येतं. नवखे अडखळतात ते लय कळत नाही म्हणून कमी, आणि दोन्ही पायांवर अर्धं-अर्धं वजन ठेवून पाय उचलू बघतात म्हणून जास्त.

मग चाला. खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, तीन वेगांत: बसस्टॉपवर बस सुटताना चालतो तसं, जेवून शतपावली करतो तसं, आणि एक पाऊल टाकायला चार श्वास लागतील इतकं हळू. तिसरं सगळ्यात कठीण. मध्येच स्वतःला "थांब" म्हणा आणि जिथे असाल तिथे थांबा, एक पाय हवेत असला तरी. नंतर उलटं चाला, पण त्याआधी मागची जागा बघून घ्या.

नागपुरात जवळजवळ सगळे दुचाकीवर. त्याचं अंग वेगळं होतं: खांदे कानांकडे, उजवं मनगट मुडपलेलं, मान पुढे, उन्हाळ्यात वर दुपट्टा गुंडाळलेला म्हणून जबडाही आवळलेला. सिग्नलला गाडी थांबली की खांदे कुठे आहेत एवढंच बघा. सीताबर्डीच्या गर्दीत याची भरपूर संधी मिळते. हा सरावच आहे, त्याला वेगळा वेळ लागत नाही.

तिसरा आठवडा: जोर, वेळ, रोख

आता नाचाच्या जवळ येऊ. रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) हे युरोपातले नृत्यविचारक. नाच कागदावर लिहिण्याची लिपी त्यांनी १९२८ साली प्रसिद्ध केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये त्यांनी कारखान्यांतल्या कामगारांच्या हालचालीही अभ्यासल्या. हे मला फार आवडतं: नर्तकाची आणि कामगाराची हालचाल त्यांनी एकाच नजरेने पाहिली. त्यांनी कुठल्याही हालचालीला तीन प्रश्न लावले. जोर भारी की हलका? वेळ झटपट की सावकाश? रोख सरळ एका ठिकाणी की वळणावळणाचा? या तिन्हींच्या जोड्या लावल्या की आठ प्रकार होतात. ते शिकायला आपलं घर पुरेसं आहे.

ठोसा: भारी, झटपट, सरळ. नारळ फोडताना हात जातो तसा. फटकारा: भारी, झटपट, पण वळणाचा. गोधडी जोरात झटकताना. दाबणं: भारी, सावकाश, सरळ. पुरणयंत्राचा दांडा किंवा जड कपाट ढकलताना. पिळणं: भारी, सावकाश, वळणाचं, ओल्या चादरीचं. टिपणं: हलकं, झटपट, सरळ. कुंकू लावताना बोट कपाळाला लागतं तसं. झटकणं: हलकं, झटपट, वळणाचं. हातावरची माशी हाकलताना. सरकवणं: हलकं, सावकाश, सरळ. इस्त्री केलेल्या साडीवरून हात फिरवताना. तरंगणं: हलकं, सावकाश, वळणाचं. याला घरात काम सापडत नाही. उदबत्तीचा धूर बघा.

रोज दोन प्रकार घ्या. आधी हातांनी करा, मग फक्त खांद्याने, फक्त कंबरेने, फक्त पाठीने. पिळणं पाठीने केलं की कसं होतं? टिपणं टाचेने? इथे पहिल्यांदा हसू येईल, आणि पहिल्यांदा तुम्ही कोणाचंही अनुकरण न करता हलत असाल. एक-दोन प्रकार अंगाला अजिबात मानवणार नाहीत. रागाला सतत आवर घालणाऱ्या माणसाचा ठोसा अर्ध्यात मोडतो. कायम घाईत असणाऱ्याला तरंगता येत नाही. त्याचा अर्थ काढत बसू नका, पण त्या प्रकाराला जास्त वेळ द्या.

चौथा आणि पाचवा आठवडा: एक मिनिटाची रचना

"काहीतरी सुचू दे" म्हणून उभे राहिलात तर काही सुचणार नाही. मोकळीक फार असली की अंग नेमकं वरातीतल्या उड्यांकडे वळतं. म्हणून बंधन घ्या. तुम्ही हजारदा केलेली तीन कामं निवडा. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालणं, स्कूटी डबल स्टँडला लावणं, बँकेत नोटा मोजणं, फळ्यावर लिहून पुसणं, कूलरमध्ये बादलीने पाणी ओतणं. काम खरं आणि तुमचंच असावं.

पहिल्या दिवशी ती तिन्ही कामं वस्तूशिवाय करा, पण प्रामाणिकपणे. बादली नाही, तरी तिचं वजन पाठीत यायला हवं. मूकाभिनयासारखं दुसऱ्याला ओळखू यावं म्हणून करू नका, स्वतःला आठवावं म्हणून करा.

दुसऱ्या दिवसापासून एकेक बदल. कुरडई घालण्याचा हात इतका मोठा करा की सगळं अंग त्याच्यामागे फिरेल. स्टँड लावताना पायाने दिलेला झटका चौपट हळू करा. नोटा मोजणं जमिनीवर बसून, मग उभं राहून, मग चालता चालता. एखाद्या कामातला जोर काढून घ्या आणि त्यात तरंगणं घाला. दहातले सात बदल फुसके निघतील, ते टाकून द्या. जे तीन अंगाला "हो" म्हणतात ते ठेवा.

मग जोडणी. पहिल्या हालचालीचा शेवट जिथे होतो तिथूनच दुसरी सुरू व्हावी, मध्ये अंग "नॉर्मल"ला येऊ नये. अवघड भाग हाच आहे, त्याला तीन-चार दिवस लागतात. एक ठिकाण असं ठेवा जिथे तुम्ही पूर्ण थांबता, दोन श्वास. नवखे थांबायला घाबरतात. त्यांना वाटतं बघणारा म्हणेल, विसरली वाटतं. पण थांबल्यामुळेच आधीची हालचाल बघणाऱ्याला दिसते. शेवटी सुरुवात आणि अखेर ठरवा. एकूण एक मिनिट. मोबाइलवर अलार्म लावा, व्हिडिओ नको. आठवण ठेवायला वहीत तीन ओळी लिहा किंवा आवाज रेकॉर्ड करा: "आज डावा खांदा उशिरा आला, पिळणं जमलं, शेवट अजून चिकटून नाही राहिला."

आतापर्यंत संगीत लावलं नाही, हे लक्षात आलं असेल. सिनेमाचं गाणं लावलं की त्याच्यासोबत तयार नाच येतो, अंगाला माहीत असतो तोच. पाचव्या आठवड्यात नुसता ठेका लावा: तबल्यावरचा सहा मात्रांचा दादरा, मग आठ मात्रांचा केरवा. तुमचा तोच एक मिनिट दोन्हींवर करून बघा. दादऱ्यात झोका येतो, केरव्यात चाल येते. आमच्याकडे विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजिरी भजनं घरोघरी ऐकू येतात. नुसती खंजिरी वाजवणारं कोणी ओळखीचं असेल तर त्यांना बोलवा. जिवंत वाजवणारा तुमच्याकडे बघून वाजवतो, आणि थांबलात तर तोही थांबतो. ही मजा स्पीकरवर नाही.

अंग दुखलं तर, मन भरून आलं तर

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या, पाठ बोथट दुखणं हे नव्या वापराचं दुखणं. दोन-तीन दिवसांत ओसरतं. सांध्यात टोचल्यासारखं, विजेसारखं, किंवा करतानाच वाढत जाणारं दुखणं वेगळं, तिथे थांबा. गुडघे वाकवताना ते पायाच्या बोटांच्या दिशेनेच जाऊ द्या, आत पडू देऊ नका.

कधी कधी जमिनीवर पडल्या पडल्या रडू येतं. तसं होतं. डोळे उघडा, उठून बसा, तळवे जमिनीला टेकवा, खोलीतल्या चार वस्तू बघा, पाणी प्या. त्या दिवसापुरतं बास. पण सराव करताना दर वेळी जुनं काही अंगावर येत असेल, झोप उडाली असेल, तर समुपदेशकाकडे जा. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. नृत्य-उपचार हे स्वतंत्र क्षेत्र आहे. अमेरिकेत मॅरियन चेस यांनी १९४२ पासून मनोरुग्णालयात ते काम सुरू केलं. त्याला प्रशिक्षित माणूस लागतो. हा लेख म्हणजे उपचार नाही.

सहावा आठवडा: बघणारं माणूस

एकट्याने केलेलं आणि कोणासमोर केलेलं यात फार अंतर असतं. ते भरायला एक चांगली रीत आहे. मेरी व्हाइटहाउस या अमेरिकन नृत्यशिक्षिकेने विसाव्या शतकाच्या मध्यावर ती सुरू केली. दोघं असतात: एक हलतो, एक साक्षी बसतो. हलणारा डोळे मिटून पाच मिनिटं, अंगाला जे सुचेल ते. काही न सुचल्यास नुसतं उभं राहणंही चालतं. साक्षीने भिंत, टेबल, गच्चीचा कठडा सांभाळायचा आणि बघायचं. पाच मिनिटांनी अदलाबदल.

बोलण्याचे नियम मात्र काटेकोर ठेवा. "छान", "मस्त", "चुकलं", "अजून मोकळी हो" हे शब्द बंद. साक्षीने दोनच गोष्टी सांगायच्या: मला काय दिसलं आणि मला स्वतःला काय झालं.

"काय दिसलं गं तुला?"
"तुझा उजवा हात सारखा छातीशी येऊन राहिला होता. डावा एकदाही नाही आला."
"हो? मला तर वाटलं दोन्ही आले."
"आणि तू बसलीस तेव्हा माझा श्वास अडकला. का ते नाही माहीत."

एवढंच. "म्हणजे तुला कसलीतरी भीती आहे" असलं निदान करू नका. हाताला धरणं, अंगाला हात लावणं आधी विचारल्याशिवाय नाही, नवरा-बायको असले तरी. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

मग तुमची एक मिनिटाची रचना घरातल्या किंवा ओळखीच्या तिघांना दाखवा. कोणत्या तीन कामांतून ती आली ते आधी सांगू नका. पाहून झाल्यावर एकच विचारा: "कुठला क्षण लक्षात राहिला?" तिघांची उत्तरं वेगळी आली तर सगळी ठेवा. तिघांनी एकच सांगितलं, तर पुढची रचना तिथून सुरू करा.

दोघं असाल तर फुगडी सोडू नका. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणत मुली फेर धरायच्या, फुगड्या घालायच्या. आज पस्तिशीच्या पुढच्या कित्येक जणींच्या अंगात ती अजून आहे. फुगडी म्हणजे एकमेकांवर वजन टाकण्याचा सगळ्यात सोपा धडा. गिरकी घेण्याआधी नुसती पकड घ्या: बोटं नव्हे, मनगटं. पावलं जवळ, हात ताठ, आणि दोघींनी हळूहळू मागे रेला. एकटी असती तर पडली असती, अशा कोनात दोघी तोलून उभ्या राहता. वजनं वेगळी असतील तर कोण किती रेलणार हे अंगालाच ठरवू द्या, ते ठरतं. मग सावकाश फिरा. थांबल्यावर खोली फिरत राहते, कारण कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांमधला द्रव लगेच थांबत नाही. कथकमध्ये चक्कर घेताना नजर समोरच्या एका बिंदूवर जमेल तितका वेळ ठेवतात आणि मान शेवटी झटकन वळवतात, ते याचसाठी. फुगडीत समोरचीच्या डोळ्यांत बघा. थांबताना हात एकदम सोडू नका.

शहरात आणि आसपास काय बघाल

सहा आठवडे झाले की दुसऱ्यांची हालचाल वेगळी दिसू लागते. सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात अनेक राज्यांतली लोकनृत्यं बघायला मिळतात. पहिली पाच मिनिटं फक्त पाय बघा, मग फक्त पाठी. वेशभूषेचा झगमगाट नंतरही दिसेलच. तान्ह्या पोळ्याला इतवारी-महाल भागात मारबतीची, म्हणजे रोगराई-संकटं घालवायला काढलेल्या पुतळ्याची, मिरवणूक निघते. "घेऊन जा गे मारबत" च्या गजरात, बडग्या नावाच्या पुतळ्यांच्या गर्दीत, एवढ्या मोठ्या पुतळ्याचं वजन माणसं आपसांत कसं वाटून घेतात ते बघा. हिवाळ्यात पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम असतो आणि वडसा हे त्याचं केंद्र. त्या भागातली दंडार (नाच-गाण्यांचं लोकनाट्य) बघायची संधी मिळाली तर रात्र जागायची तयारी ठेवून जा. गडचिरोलीकडचं गोंडांचं रेला नृत्य बघितलंत, तर हातात हात गुंफलेली ती रांग एकाच श्वासावर कशी सरकते हे लक्षात येईल. ते बघून घरी पिसं लावून तसं नाचायला जाऊ नका, एवढी माझी विनंती. बोलावलं तर त्यांच्याच रांगेच्या टोकाला उभं राहून पाऊल शिका.

क्लास लावायचा असेल तर

आता कथक, भरतनाट्यम, सालसा, कंटेम्पररी, जे आवडेल ते शिका. स्टेप आता अंगात बसतील. क्लास निवडताना गुरूंचं नाव आणि वार्षिक कार्यक्रमाचे फोटो यांच्याआधी फरशी बघा. थेट टाइल्सवर रोज उड्या मारून घेत असतील तर नडगी दुखणार. मोठ्यांची वेगळी बॅच आहे का विचारा, आठ वर्षांच्या मुलींमागे उभं राहून शिकणं दोघांनाही अवघड जातं. "गुडघा दुखतोय" म्हटल्यावर सर किंवा मॅडम काय म्हणतात ते ऐका: "दुखणारच, सहन करा" म्हणाले तर दार तिकडे. तासाभरात निदान पाच मिनिटं स्वतःच्या मनाने हलू देतात का, हेही बघा. पहिल्याच दिवशी तीन महिन्यांची फी मागितली तर आधी एक तास करून बघतो म्हणा. नाही म्हणाले तर नागपुरात क्लासेसची कमी नाही.